जुन्या उपकरणांतील लेसर डायोड व त्याचा वीजपुरवठा

जुन्या डीव्हीडी रायटरमधून काढलेल्या लेसर डायोडला (विजेवर लेसर किरण देणाऱ्या छोट्या घटकाला) बाहेरून वीज देताना विद्युतधारा ठरावीक मर्यादेतच रोखून धरणे, हा या कामाचा गाभा आहे. नागपुरातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी व हौशी प्रयोगकर्ते भंगारातील रायटर उघडून असे डायोड मिळवतात. परंतु सोबत माहितीपत्रक नसल्याने कमाल धारा अंदाजाने ठरवावी लागते.

न उघडलेला रायटर हे लेसर सुरक्षेच्या वर्गवारीत पहिल्या वर्गातील, म्हणजे निर्धोक उपकरण असते. त्यातील सुमारे ६५० नॅनोमीटरचा लाल डायोड बाहेर काढला, की त्याची प्रकाशशक्ती १०० मिलिवॅटच्या पुढे जाऊ शकते आणि तो ३बी, म्हणजे डोळ्यांना धोकादायक वर्गात मोडतो, तर पापणी मिटण्याच्या पाव सेकंदाचे संरक्षण १ मिलिवॅटपर्यंतच पुरते. सीडीसाठीचा ७८० नॅनोमीटरचा डायोड अधिक फसवा, कारण त्याचे अवरक्त किरण जवळजवळ दिसतच नाहीत आणि पापणीही मिटत नाही. नेमक्या त्या तरंगलांबीसाठी बनवलेला संरक्षक चष्मा नसेल, तर हे काम हाती घेऊच नये. उन्हाचा गॉगल येथे निरुपयोगी आहे.

डायोडवरील व्होल्टता किंचित वाढली तरी धारा झपाट्याने वाढते. मर्यादा ओलांडताच स्फटिकाच्या आरशासारख्या कडा क्षणार्धात जळतात आणि पुढे तो साध्या एलईडीसारखा मंद उजळतो. म्हणून बॅटरी थेट न जोडता एलएम३१७ हे तीन पायांचे व्होल्टता-नियामक स्थिर धारेसाठी वापरतात. त्याच्या आउटपुट व अ‍ॅडजस्ट या पायांमध्ये १.२५ व्होल्ट कायम राखले जातात. त्यामुळे तेथे १० ओहमचा रेझिस्टर लावल्यास धारा १२५ मिलिअँपिअर होते. अनोळखी डायोडसाठी मोठा रेझिस्टर लावून कमी धारेपासूनच सुरुवात करावी.

खरा डायोड जोडण्यापूर्वी त्याच्या जागी तीन साधे सिलिकॉन डायोड आणि १ ओहमचा रेझिस्टर एकसरीत लावून पाहावे. मल्टिमीटरवर त्या रेझिस्टरच्या टोकांशी जितके मिलिव्होल्ट दिसतील, तितकेच मिलिअँपिअर वाहत असतात. चालू मंडलाला डायोड कधीही जोडू नये. टोके मोकळी असताना मंडलाच्या आउटपुटवरील कपॅसिटर (वीज साठवणारा घटक) जवळजवळ पुरवठ्याच्या पूर्ण व्होल्टतेपर्यंत भरलेला असतो आणि स्पर्श होताच तो सगळा डायोडमध्ये रिकामा होतो. पुरवठा बंद करून कपॅसिटर रिकामा करावा, मगच डायोड डाकावा.

नागपूरच्या एप्रिल-मेमधील कोरड्या हवेत कृत्रिम धाग्याच्या कपड्यांवर स्थिर विद्युत सहज साठते, आणि बोटाला न जाणवणारी ठिणगीही डायोड निकामी करू शकते. त्यामुळे पिकअपमधून (रायटरमधील भिंग व लेसर असलेल्या भागातून) काढण्याआधीच डायोडचे पाय बारीक तांब्याच्या तारेने एकत्र गुंडाळावेत, मनगटी पट्टा भूसंपर्कित करावा आणि डाककाम पुरे झाल्यावरच तार सोडवावी. तापमान ४५ अंशांच्या आसपास असताना लेसर सुरू होण्यास लागणारी किमान धाराही वाढते. अशा वेळी प्रकाश कमी दिसतो म्हणून धारा वाढवत नेल्यास उष्णता आणखी वाढते, तेव्हा डायोड अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात घट्ट बसवून थोडा थोडा वेळच चालवावा.