एका ताटात एकच फळ

गेल्या मे महिन्यात माझा मावसभाऊ चार दिवस आमच्याकडे राहिला. दुपारी एकच्या सुमारास त्याने साडेचार किलोचं कलिंगड मधोमध चिरलं, अर्धं पुढ्यात ओढलं आणि चमचा घेऊन खायला बसला. हेच त्याचं जेवण. पोळी नाही, भात नाही, वर चाट मसाल्याची चिमूटसुद्धा नाही. आईने सवयीने लोणच्याची वाटी सरकवली, ती त्याने दोन बोटांनी परत ढकलली. म्हणाला, "मावशी, पोटाला एका वेळी एकच काम द्यायचं." आई म्हणाली, "का रे, तुझ्या पोटाला दुसरीकडे कुठे नोकरी आहे का?"

या प्रकाराला सध्या 'मोनो मील' म्हणतात. कच्चा वीगन आहार घेणाऱ्यांमध्ये, म्हणजे दूध-मध-तूप वर्ज्य आणि चूलही वर्ज्य अशा मंडळींमध्ये, हे सगळ्यात शुद्ध जेवण समजतात. एका बैठकीला एकच फळ, पोट भरेपर्यंत. समाजमाध्यमांवर पाहिलं तर हे सगळं गेल्या दहा-पंधरा वर्षांत उगवलं असं वाटतं. प्रत्यक्षात याची मुळं दीडशे-पावणेदोनशे वर्षं मागे, आल्प्सच्या उतारावरच्या द्राक्षमळ्यांत आहेत.

आज इटलीत असलेलं मेरान हे गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं. एकोणिसाव्या शतकात हवापालटासाठी येणाऱ्या श्रीमंतांचं ते आवडतं ठिकाण झालं. 1870 साली सम्राज्ञी एलिझाबेथ तिथे राहून गेली आणि गावाची ख्याती आणखी वाढली. शरद ऋतूत तिथे 'द्राक्षोपचार' चाले. रोगी सकाळी उठून मळ्याकडे फिरायला जाई आणि वैद्याने ठरवून दिलेली द्राक्षं खाई. सुरुवात थोडक्याने, मग रोज वाढवत वाढवत काही किलोंपर्यंत. जर्मनीत ड्युर्कहाइमलाही हेच चाले. क्षयापासून बद्धकोष्ठापर्यंत सगळ्यावर हा इलाज सांगितला जाई. बद्धकोष्ठाच्या बाबतीत तरी त्यात नवल नव्हतं. दिवसाला दोन किलो द्राक्षं खाल्ल्यावर कोणाचंही पोट साफ होईल. मात्र तिथे द्राक्षांच्या जोडीला साधं जेवणही असे आणि डोक्यावर वैद्य असे. 'फक्त द्राक्षं आणि दुसरं काहीही नाही' हा हट्ट पुढच्या पिढीचा.

ती पिढी म्हणजे जर्मनीतले 'जीवनसुधारणा'वाले. कारखाने वाढले, शहरं काळवंडली, आणि त्यावर उतारा म्हणून काही लोक अनवाणी चालणं, सूर्यस्नान आणि शाकाहाराकडे वळले. 1896 साली अडोल्फ युस्ट याने हार्त्स डोंगराच्या पायथ्याशी युंगबोर्न नावाचं आरोग्यधाम काढलं. 'निसर्गाकडे परत' हा त्याचा मंत्र होता. मातीच्या पट्ट्या, गार पाण्याची आंघोळ, फळं आणि कवचाची फळं. या माणसाचं नाव लक्षात ठेवा, कारण त्याच्यापासून दोन वाटा फुटतात. एक पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर जाते, दुसरी आपल्या ओळखीच्या माणसापर्यंत.

पहिली वाट आउगुस्ट एंगेलहार्टची. हा न्यूरेंबर्गचा, औषधांच्या दुकानात काम केलेला तरुण. युंगबोर्नमध्ये राहून झाल्यावर त्याची खात्री पटली की माणसाला लागणारं सगळं एकाच फळात आहे, आणि ते फळ म्हणजे नारळ. त्याचा तर्क असा: सगळ्या फळांत नारळ सर्वांत उंच, म्हणजे सूर्याच्या सर्वांत जवळ पिकतो, शिवाय त्याचा आकार माणसाच्या डोक्यासारखा. म्हणून तो देवाचा घास. (कोकणातल्या कोणत्याही पाडेल्याला विचारलं असतं तर त्याने उंचीचा दुसराच अर्थ सांगितला असता.) 1902 मध्ये त्याने तेव्हाच्या जर्मन न्यू गिनीतल्या काबाकोन बेटावर नारळाची बाग विकत घेतली, अंगावरचे कपडे टाकले आणि सूर्यपंथ स्थापन केला. युरोपातून अनुयायी येऊ लागले.

आणि मरू लागले. पहिला तरुण 1904 मध्ये, आल्यावर थोड्याच आठवड्यांत गेला. दुसरा बर्लिनचा संगीतकार, 1905 मध्ये. मग एंगेलहार्टचा जुना मित्र आणि सहलेखक बेटमान, 1906 मध्ये. मलेरियाचा तो प्रदेश होता, त्यामुळे सगळं खापर नारळावर फोडता येणार नाही. पण स्वतः एंगेलहार्टला जवळच्या वसाहतीतल्या इस्पितळात नेलं तेव्हा पाच फूट पाच इंच उंचीच्या या माणसाचं वजन 39 किलो भरलं होतं. तो सावरला, बेटावर परतला आणि 1919 साली वारला. शेवटच्या काळात त्याला बघायला प्रवासी येत, एखाद्या प्राण्याला बघायला यावं तसे.

दुसरी वाट दक्षिण आफ्रिकेत जाते. युस्टचं पुस्तक तिथे मोहनदास गांधी नावाच्या बॅरिस्टरच्या हाती पडलं. मातीचे उपचार त्यांनी तिथूनच उचलले. 1912 मध्ये टॉल्स्टॉय फार्म या तिथल्या आपल्या आश्रमात त्यांनी आणि त्यांचे मित्र हर्मान कालेनबाख यांनी आधी दूध सोडलं, मग फक्त फळांवर राहायचं ठरवलं. कच्चे शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबं आणि ऑलिव्हचं तेल. स्वयंपाक जवळजवळ बंद. आजच्या भाषेत हा कच्चा वीगन आहारच; 'वीगन' हा शब्द मात्र इंग्लंडमध्ये 1944 मध्ये जन्माला यायचा होता. आणि एक फरक आजच्या व्हिडिओंमध्ये कुठेच दिसत नाही: गांधींनी फळं निवडली ती स्वस्तातली स्वस्त, कारण गरिबातल्या गरिबासारखं राहणं हा हेतू होता. ब्लूबेरीच्या वाट्या नव्हत्या. 1915 मध्ये हरिद्वारच्या कुंभमेळ्यात त्यांनी आणखी एक व्रत घेतलं: दिवसभरात पाचांहून अधिक जिन्नस खायचे नाहीत. ताटातले पदार्थ कमी करत जाण्याची ही ओढ शेवटपर्यंत सुटली नाही.

शरीराने मात्र हिशेब मागितला. 1918 च्या पावसाळ्यात आमांशाने त्यांना अंथरुणाला खिळवलं. दाण्याचा लगदा आणि लिंबू हाच तोवर मुख्य आहार होता. हवापालटासाठी माथेरानला गेले, तर तिथलं पाणी जड पडलं. मुंबईत डॉ. दलालांनी स्पष्ट सांगितलं की दूध घेतल्याशिवाय अंग भरणार नाही. गांधी व्रतावर अडून बसले. तेव्हा बिछान्याशी उभ्या असलेल्या कस्तुरबांनी वाट काढली: व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती ना, मग शेळीच्या दुधाला काय हरकत? गांधींनी ते मानलं आणि ती टोचणी पुढे आत्मकथेत लिहूनही ठेवली. 1929 मध्ये त्यांनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग पुन्हा केला, भिजवलेले गहू, वाटलेले बदाम, पालेभाजी, फळं. वजन घटलं, पोट बिघडलं, पुन्हा शेळीचं दूध. हे सगळं त्यांनी 'यंग इंडिया'त लिहिलं. फसलेला प्रयोग फसला म्हणून छापणारा आहारसुधारक या सगळ्या इतिहासात मला दुसरा सापडलेला नाही.

ही वाट पुढे आपल्या दारात येते. मार्च 1946 मध्ये गांधी पुण्याजवळच्या उरुळी कांचनला आले आणि तिथे निसर्गोपचार आश्रमाची सुरुवात झाली. पुढे मणिभाई देसाईंनी ते काम आयुष्यभर चालवलं. आपल्याकडच्या निसर्गोपचारात 'कल्प' हा शब्द आहे: ठरावीक दिवस एकाच जिनसावर राहायचं. ताककल्प, द्राक्षकल्प, आम्रकल्प. आम्रकल्पात बहुधा आंब्यासोबत दूध असतं, त्यामुळे माझ्या मावसभावाच्या परीक्षेत तो नापास. आयुर्वेदही त्याच्या फारसा उपयोगाचा नाही. चरकाने आंबट फळं आणि दूध एकत्र खाऊ नये असं सांगितलं आहे, पण म्हणून चूल विझवा असं काही सांगितलेलं नाही. आणि आपला फलाहार? त्याचा 'फराळ' होऊन त्यात साबुदाण्याची खिचडी कधी शिरली ते फळांनाही कळलं नाही.

'एका वेळी एकच' हा नियम काटेकोर झाला तो अमेरिकेत. आर्नोल्ड एरेट हा जर्मन, मूत्रपिंडाच्या विकाराने गांजलेला. स्वित्झर्लंडमधल्या आस्कोना परिसरात, जिथे 1900 पासून मोंते वेरिता ही शाकाहारी वसाहत होती, त्याने उपचारगृह चालवलं आणि महायुद्धाच्या तोंडावर कॅलिफोर्निया गाठलं. सगळ्या रोगांचं मूळ शरीरात साचलेला चिकट श्लेष्मा, आणि तो धान्य, दूध, मांस यांनी वाढतो, असं त्याचं म्हणणं. शरीरशास्त्रात याला काडीचाही आधार नाही. हंगामातलं एकच पिकलेलं फळ हे त्याच्या लेखी आदर्श जेवण. 1922 मध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर पडून डोक्याला मार लागल्याने तो वारला. त्याचं पुस्तक मात्र पन्नास वर्षांनी स्टीव्ह जॉब्स नावाच्या कॉलेजकुमाराने वाचलं. तो आठवडेच्या आठवडे नुसती सफरचंदं किंवा गाजरं खाई, आणि 1976 मध्ये कंपनीला नाव द्यायची वेळ आली तेव्हा तो असाच फळांवर होता. उरलेलं सगळ्यांना ठाऊक आहे.

एरेटनंतर हर्बर्ट शेल्टन. कुठलं अन्न कशाबरोबर खावं याचे तक्ते त्याने केले, खरबूज-कलिंगड नेहमी एकटंच खावं हा नियम घट्ट केला आणि आधाराला रशियन शरीरशास्त्रज्ञ पाव्हलोवचे पाचकरसांचे प्रयोग घेतले. वेगवेगळ्या अन्नाला वेगवेगळे रस सुटतात हे पाव्हलोवने दाखवलं होतं. म्हणून ते एकत्र पचत नाहीत हा निष्कर्ष शेल्टनचा. ज्या पोटाला वरण-भात-तूप-लिंबू एकत्र पचतं त्या पोटाला हे कोणी विचारलं नाही. त्याच काळात, 1928 मध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या योहाना ब्रांट या बाईंनी नुसत्या द्राक्षांनी कर्करोग बरा होतो असं पुस्तक काढलं. बोअर युद्धात त्यांनी प्रिटोरियात इंग्रजांविरुद्ध हेरगिरी केली होती, धाडस होतंच. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने पुन्हा पुन्हा तपासून सांगितलं की या उपचाराचा उपयोग झाल्याचा पुरावा नाही. पुस्तक तरीही विकलं जातं.

या सगळ्या इतिहासात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट फळवाल्यांची नाही, बालरोगतज्ज्ञांची आहे. 1924 मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी सीलिअॅक रोगाने खंगलेल्या मुलांना केळ्यांच्या आहारावर ठेवलं. हा रोग तेव्हा जीवघेणा होता. पोट फुगलेलं, हातपाय काडीसारखे, खाल्लेलं अंगी लागत नाही. मुलं रोज भरपूर केळी खाऊ लागली, जोडीला थोडं दूध, ताजं चीज, मांस; पाव, बिस्किटं, बटाटा बंद. मुलं तरली, बाळसं धरू लागली. केळ्याचा गवगवा झाला. केळ्यात काही गूढ गुण आहे असं पुढची पंचवीस वर्षं डॉक्टरही मानत होते.

मग हेगचे डॉ. विलेम डिके. त्यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेना, लोक ट्युलिपचे कंद खाऊन जगले. त्या भुकेच्या दिवसांत सीलिअॅकची मुलं बिघडण्याऐवजी सुधारली. पुन्हा पाव आला आणि मुलं पुन्हा आजारी पडली. 1950 मध्ये डिके यांनी ते प्रबंधात मांडलं. दोष गव्हात होता. केळ्याने काहीच केलं नव्हतं. ते फक्त गव्हाच्या जागेवर बसलं होतं. आणि हासच्या मुलांना मात्र, केळी खाऊन बरं झाल्यावर पुन्हा पाव खायला हरकत नाही, असं सांगितलं जात होतं.

एकाच फळावर राहून ज्यांना बरं वाटतं त्यांचं बहुधा असंच होत असावं. तळण गेलं, साखर-मैदा गेला, रात्री अकराचं जेवण गेलं, दारू गेली, श्रेय द्राक्षाला. शिवाय एकाच चवीचा कंटाळा येतो आणि हात लवकर थांबतो. 1981 मध्ये इंग्लंडमध्ये बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात एकाच सारणाच्या सँडविचऐवजी चार वेगळ्या सारणांची दिली तेव्हा लोकांनी सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्लं. आपल्या पानाची डावी बाजू, मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, हे नेमकं उलटं काम करते: चव पालटत राहते आणि भात दोनदा मागितला जातो.

वजन त्यामुळे उतरतं, हे खरं. प्रश्न किती उतरावं हा आहे. जर्मनीत गीसनच्या संशोधकांनी 1999 मध्ये दीर्घकाळ कच्च्या आहारावर असलेल्या 513 जणांचा अभ्यास छापला. पंचेचाळिशीच्या आतल्या सुमारे 30 टक्के बायकांची पाळी अनियमित झाली होती किंवा बंद पडली होती. फळवाल्यांनाही हा खड्डा दिसला असावा. डग्लस ग्रॅहम यांच्या 2006 च्या पुस्तकापासून जी नवी लाट आली तिचा भर कमी खाण्यावर नाही, प्रचंड खाण्यावर आहे. हिशेब सोपा आहे: मध्यम केळ्यात शंभरच्या आसपास कॅलरी, तर दिवसाच्या दोन हजारांसाठी वीस केळी लागतात. त्यातून प्रथिनं मिळतात जेमतेम 26 ग्रॅम, आणि बी-12 शून्य.

आमच्या पाहुण्याच्या अर्ध्या कलिंगडात गर दीड किलोच्या आतच असेल, म्हणजे साडेचारशे कॅलरीही नाहीत. साडेचार वाजता तो फ्रिज उघडून उभा होता. मग वसईच्या केळ्यांचा अख्खा फणा संपवला, नऊ केळी, मी मोजली. दीड वर्ष हे चाललंय म्हणतो, आणि खुशीत आहे. जाताना त्याच्याकडून बी-12 ची तपासणी करून घ्यायचं कबूल करून घेतलं. परवा फोन केला तर म्हणाला, सॅम्पल द्यायला उपाशीपोटी जावं लागतं का तेवढं विचारून सांग.