सातबाऱ्यावरची मयत नावे: कोकणातील सामाईक वारशाची पार्श्वभूमी

राज्य शासनाने १ एप्रिल २०२५ पासून ‘जिवंत सातबारा’ ही मोहीम राज्यभर हाती घेतली. मयत खातेदारांची नावे कमी करून तेथे वारसांची नावे लावणे हा तिचा हेतू. कोकणात हे काम विशेष किचकट आहे, कारण येथे आजोबाच नव्हे तर पणजोबाही कित्येक उताऱ्यांवर अजून खातेदार म्हणून नांदत आहेत. याचे खापर सहसा भाऊबंदकीवर फुटते. तो आरोप खोटा नाही, पण अपुरा आहे. जमीन न वाटता मागे ठेवण्याची सवय येथील जमीनधारणेतच मुरलेली होती.

जुन्या रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांतील बऱ्याच गावांचा सारा खोत वसूल करून सरकारात भरत असे. खोत वारल्यावर त्याच्या मुलांकडे जाई ती गावाच्या उत्पन्नातील तक्षीम, म्हणजे हिस्सा, आणि अनेक गावांत वहिवाट, म्हणजे गावाचा कारभार, तक्षीमदारांकडे पाळीपाळीने येई. कुळांची स्थिती वेगळी होती. १८८० च्या खोती कायद्याने वहिवाटदार कुळाचा हक्क मान्य केला आणि तो वारसाने पुढे जाऊ लागला, तरी जमिनीचा खरा धनी म्हणून मरण्याचे भाग्य कुळाला नव्हते. अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ पासून नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेला दीर्घ संप आणि १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात मांडलेले खोतीविरोधी विधेयक हे या असंतोषाचेच टप्पे. १९४९ च्या कायद्याने खोती गेली आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कुळकायद्याने कसणाऱ्यास मालक मानले.

मात्र मालकी आली ती बहुधा एकाच्या नावावर. घरातील एक भाऊ गावी राहून शेत राखी, बाकीचे मुंबईच्या गिरण्यांत कामाला, आणि त्यांच्या मनीऑर्डरीवर घर चाले. साहजिकच तलाठ्याच्या दप्तरात गावी राहणाऱ्याचे नाव लागे आणि पुढे ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असा शेरा पडे. तो हयात असेतो या तीन अक्षरांनी कोणाचेही बिघडले नाही. त्याच्या मृत्यूनंतर वारस नोंद करताना मात्र अनेकदा केवळ त्याच्याच मुलांची नावे चढली आणि मुंबईतील भावांच्या शाखा कागदावरून गळाल्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या, कित्येक कुटुंबे गावाकडे वळली, तेव्हा ही गळती अनेकांच्या ध्यानात आली.

बहिणी आणि लेकींचे प्रकरण आणखी जुने. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या वाट्यात हिस्सा दिला. महाराष्ट्राने १९९४ साली अविवाहित मुलींना, तर केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने सर्वच मुलींना जन्मतः सहदायादाचा, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतील मुलाइतकाच, हक्क दिला. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी हा हक्क टिकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. व्यवहारात बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घेण्याची रीत अजून आहे, आणि माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. या सहीला स्वखुशीची म्हणणे मला कधीच पूर्णपणे पटलेले नाही.

शिवाय मागे राहते ते सगळे वाटण्याजोगे नसते. भाताचे चार कुणगे, म्हणजे खाचरे, मोजता येतात. पण आजोबांनी बांधलेली कलमे, विहिरीवरचे माड, देवघरातील टाक (देवांच्या धातूच्या प्रतिमा) आणि शिमग्यात पालखीचा मान यांचे हिस्से कसे पाडणार? मूळ घरात गणपती एकच बसतो, चुलते वर्गणी काढतात. मानपानाच्या वारसाहक्कावरून तर भावकीतले तंटे न्यायालयापर्यंत गेले आहेत.

जमिनीला किंमत नव्हती तोवर मयत नाव कोणालाच खुपत नव्हते, कारण मोजणी व खटपटीचा खर्च वरकस, म्हणजे हलक्या डोंगराळ, जमिनीच्या मोलापेक्षा जड होता. १९९८ साली पूर्ण मार्ग खुला झालेल्या कोकण रेल्वेसाठी आणि पुढे मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणासाठी भूसंपादन झाले, तेव्हा चित्र पालटले. मोबदला घ्यायचा तर वारस सिद्ध करावा लागे. मृत्यूचे दाखले आणि वंशावळीची प्रतिज्ञापत्रे जमवण्यासाठी डोंबिवली-विरारपर्यंत भावकीचा शोध सुरू झाला.

जिवंत सातबाऱ्याने नावे चढतील, हिस्से मात्र पडणार नाहीत. त्यासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली स्वतंत्र अर्ज करावा लागतो, सर्व सहधारकांना नोटिसा जातात, १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची किमान क्षेत्राची मर्यादा सांभाळावी लागते. आणि एकाने जरी मालकीचा वाद उपस्थित केला, तरी प्रकरण दिवाणी न्यायालयात जाते.