भाषा घडवणारे आणि तिच्यावरचा हक्क सोडणारे

भाषा बसून घडवता येते का, हा प्रश्न कोल्हापूरला नवा नाही. राजाराम कॉलेजात फारसी शिकवणारे माधव जूलियन आधी फारसी शब्दांनी कविता नटवत होते आणि पुढे भाषाशुद्धीच्या बाजूने ठामपणे उभे राहिले. सावरकरांनी सुचवलेले ‘दिग्दर्शक’, ‘संकलन’ हे शब्द इथल्या स्टुडिओंत रुळले, ‘महापौर’ महापालिकेत रुळला. त्यांचेच इतर कित्येक शब्द मात्र कागदावरून उठलेच नाहीत. लोकांनी तोंडात घेतले ते जगले.

पण शब्द घडवणं वेगळं आणि जगासाठी आख्खी भाषा घडवणं वेगळं. लहानपणी ‘तुला’चं ‘चलातु’ करून आपण च-भाषा बोललो ती मोठ्यांना कळू नये म्हणून. इथे उलट आहे. सगळ्यांना कळावी म्हणून केलेल्या एस्पेरान्तो या भाषेची ही गोष्ट.

ही कल्पना जुनी आहे. 1629 साली फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने एका पत्रात अशा भाषेचा विचार मांडला. 1668 मध्ये इंग्लंडच्या जॉन विल्किन्सने जगातल्या सगळ्या वस्तू आणि कल्पना वर्गांत बसवल्या आणि त्या वर्गांवरून शब्द बनवले. म्हणजे बोलण्याआधी सगळं जग वर्गवारीने पाठ करायचं. विद्वानांनी ते कौतुकाने वाचलं, बाजारात कुणी बोललं नाही.

बोलली जाईल अशी पहिली भाषा आली ती जर्मनीतल्या एका कॅथलिक धर्मगुरूकडून. योहान मार्टिन श्लायरला 1879 च्या मार्चमध्ये एका रात्री झोप लागेना, आणि देवानेच आपल्याला हे काम सांगितलं असं त्याला वाटलं. त्याने ‘वोलाप्यूक’ केली. ‘वर्ल्ड’चं ‘वोल’, ‘स्पीक’चं ‘प्यूक’, अमेरिकेचं ‘मेलोप’. शब्द इतके छाटलेले की मूळ ओळखू येत नाही. तरीही दहा वर्षांत अडीचशेहून जास्त मंडळं आणि पंचवीसेक नियतकालिकं उभी राहिली. 1889 च्या पॅरिस परिषदेचं कामकाज सगळं वोलाप्यूकमध्ये चाललं. लोकांना या गोष्टीची केवढी भूक होती, ते यावरून कळतं.

मग भांडण लागलं. बोलणाऱ्यांना व्याकरण सोपं करून हवं होतं आणि श्लायरला शेवटचा शब्द आपलाच हवा होता. भाषा माझी, ती बदलायची की नाही ते मी ठरवणार, हा त्याचा हट्ट. चळवळ फुटली आणि जितक्या वेगाने वाढली तितक्याच वेगाने ओसरली. माझ्या मते वोलाप्यूक तिच्या अवघड व्याकरणाने मेली नाही, या हट्टाने मेली.

त्याच सुमाराला वॉर्सामध्ये लुडविक झामेनहॉफ हा डोळ्यांचा तरुण डॉक्टर आपली वही घेऊन बसला होता. त्याचा जन्म 1859 चा, बियालिस्टोकचा. तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या या गावात रशियन, पोलिश, जर्मन आणि ज्यूंची यिद्दिश बोलणारे लोक एकाच बाजारात वावरत आणि एकमेकांकडे शत्रूसारखं बघत. ते बघत तो ज्यू मुलगा वाढला. आपल्याकडे गडहिंग्लज-शिरोळच्या बाजूला घरात कन्नड आणि बाजारात मराठी बोलणारी माणसं आहेत. अक्का, अण्णा, अडकित्ता हे शब्द कन्नडमधून येऊन आपल्या घरात मुरले. सीमावादाने मनं दुखावली, तरी व्यवहार दोन्ही भाषांत चालू राहिला. बियालिस्टोकला ते भाग्य नव्हतं.

26 जुलै 1887 ला झामेनहॉफची छोटी पुस्तिका निघाली. छपाईचा खर्च बायकोच्या माहेरून आलेल्या हुंड्याच्या पैशातून झाला. टोपणनाव घेतलं ‘डॉक्टर एस्पेरान्तो’, म्हणजे आशा धरणारा. तेच नाव पुढे भाषेला पडलं. आत सोळा नियम आणि नऊशेच्या आसपास धातू-शब्द. आणि त्याच पुस्तिकेत त्याने लिहून टाकलं की भाषा ही सर्वांची मालमत्ता आहे, आपण तिच्यावरचे सगळे हक्क सोडत आहोत.

भाषेची रचना मराठी माणसाला लगेच समजेल अशी आहे. विद्यालय, ग्रंथालय, रुग्णालय हे आपण ‘आलय’ जोडून करतो. तिथे ‘लेर्नि’ म्हणजे शिकणं आणि ‘लेर्नेयो’ म्हणजे शाळा. ‘साना’ म्हणजे निरोगी, आधी ‘माल’ लावलं की आजारी, आणि ‘मालसानुलेयो’ म्हणजे आजारी माणसांची जागा, दवाखाना. लिहिलं तसंच वाचायचं, देवनागरीसारखं. जातो, जाते, जातात अशी भानगड नाही, सगळ्यांना ‘इरास’.

दोषही आहेत. शब्द जवळजवळ सगळे युरोपातले. इटालियन माणसाला अर्धे शब्द फुकट मिळतात, कोल्हापूरच्या माणसाला एकेक पाठ करावा लागतो. जगाची भाषा म्हणवताना ही गोष्ट मला खटकते. आई हा शब्दसुद्धा बापाला प्रत्यय लावून केलाय, ‘पात्रो’चं ‘पात्रिनो’. हे कोणत्याही लेकराला पटणार नाही.

1894 मध्ये सुधारणांची मागणी झाली तेव्हा झामेनहॉफने त्या मतदानाला टाकल्या. बहुमताने ‘बदल नको’ म्हटलं आणि त्याने ते मान्य केलं. 1905 ला फ्रान्समध्ये बुलोन्य-स्युर-मेर इथे पहिली जागतिक परिषद भरली, 688 लोक आले आणि दुभाष्याशिवाय बोलले. दोन-तीन वर्षांतच ‘इदो’ ही सुधारलेली भाषा काढून काही जण वेगळे झाले. मूळ भाषा त्यातूनही तरली. 1912 ला क्राकोच्या परिषदेत त्याने चळवळीचं पुढारपणही सोडलं.

नंतरचा काळ कठीण होता. राष्ट्रसंघात एस्पेरान्तोचा प्रस्ताव आला तेव्हा फ्रान्सने अडवला, कारण मुत्सद्देगिरीची भाषा तेव्हा फ्रेंच होती. हिटलरला ती ज्यूंचं कारस्थान वाटली, स्टालिनच्या राज्यात ती बोलणारे 1937-38 मध्ये पकडून मारले गेले. झामेनहॉफ 1917 मध्येच गेला होता. मुलगा अॅडम याला 1940 मध्ये नाझींनी गोळी घालून मारलं. झोफिया आणि लिडिया या मुली 1942 मध्ये नाझींच्याच ट्रेब्लिंकाच्या छावणीत संपल्या. लिडिया अमेरिकेत हीच भाषा शिकवून 1938 च्या अखेरीस पोलंडला परतली होती.

1987 ला, पुस्तिकेला शंभर वर्षं झाली तेव्हा, त्याच वॉर्सात जगभरातून सहा हजारांच्या आसपास माणसं जमली. अशा मेळाव्यांत भेटून लग्न केलेली जोडपीही आहेत. नवरा एका देशाचा, बायको दुसऱ्या देशाची, आणि घरात बोलायला एवढी एकच भाषा. त्यांची मुलं ती पाळण्यापासून ऐकतात. त्यांना सोळा नियम कुणी शिकवत नाही.