पेट्रोलचे की बॅटरीचे? ब्रश कटर घेताना आणि वापरताना

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मृगाचा पाऊस पडून महिना झाला की धुरे (शेताचे बांध) दिसेनासे होतात आणि दुकानात एकच विचारणा सुरू होते: ब्रश कटर, म्हणजे गवत-तण कापायचे यंत्र, पेट्रोलचा घ्यावा की बॅटरीचा? आम्ही आधी विचारतो, कापायचे काय आणि किती. त्यावरच सगळे ठरते.

घराचे आवार, मंदिराभोवतीची हरळी, शाळेचे पटांगण, नर्सरीतल्या वाफ्यांमधल्या वाटा, एवढेच काम असेल तर बॅटरीचे घ्या. खटका दाबला की चालू. धूर नाही, रस्सी ओढणे नाही, वजनही कमी. पण धुऱ्यावरचा कमरेएवढा तरोटा, निबर झालेले गाजरगवत, कुंदा किंवा संत्र्याच्या ओळींमधले दाट तण असेल तर पेट्रोलशिवाय भागत नाही. एक एकराच्या चौकोनी वावराचा धुरा चारही बाजू मिळून अडीचशे मीटर भरतो. माजलेले तण असले तर एका लहान बॅटरीत तो पुरा होत नाही आणि माणूस अर्ध्यातून घरी परततो.

बॅटरी किती वेळ चालेल याचा हिशोब सोपा आहे. डब्यावर २० व्होल्ट लिहिलेले असते, ते पूर्ण चार्ज असतानाचे. कामाचे व्होल्ट १८ धरा. १८ गुणिले ४ अँपिअर-तास म्हणजे ७२ वॉट-तास. मोटर २५० ते ३०० वॉट ओढत असेल तर पंधरा मिनिटांच्या आसपास बॅटरी संपते. पातळ गवतात जास्त टिकते. एका चार्जिंगला वीज मात्र रुपयाभराचीच लागते. म्हणून घेणार असाल तर दोन बॅटऱ्यांचा संच घ्या. ४८ व्होल्ट, ८८ व्होल्ट असे मोठे आकडे छापलेली स्वस्त यंत्रेही बाजारात दिसतात. अशा वेळी वॉट-तास विचारा. तो आकडा कोणी सांगत नसेल तर पैसे देऊ नका.

चार्जर त्याच यंत्राचा वापरा. फवारणी पंपाचा १२ व्होल्टचा चार्जर लिथियम बॅटरीला कधीही जोडू नका. उन्हात काम करून तापलेली बॅटरी लगेच लावली की चार्जरचा दिवा लुकलुकतो आणि चार्जिंग सुरू होत नाही. तो बिघाड नाही, बॅटरी स्वतःला जपते आहे. अर्धा तास सावलीत ठेवा, मग लावा. उन्हाळ्यात टिनाच्या शेडमध्ये बॅटरी ठेवू नका; अर्धी चार्ज करून घरातल्या थंड खोलीत ठेवा आणि दर तीन महिन्यांनी पाहा. शेतातली थ्री फेज लाइन कधी दिवसा, कधी रात्री येते, तिच्या भरवशावर राहू नका. चार्जिंग गावातल्या घरीच करा.

आता पेट्रोलच्या यंत्राविषयी. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांपैकी बहुतेकांचे दुखणे एकच असते: मागच्या हंगामाचे पेट्रोल टाकीत तसेच राहिलेले. "काल-परवापर्यंत मस्त चालत होते, आज सुरूच होत नाही" असे ग्राहक सांगतात. टाकीचे झाकण उघडले की आंबूस वास येतो आणि कार्बोरेटरमध्ये चिकट पिवळा थर बसलेला दिसतो.

असे का होते ते समजून घ्या. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, आणि आपल्याकडच्या श्रावणात ओलाव्याला तोटा नाही. पाणी पुरेसे झाले की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी वेगळे बसते. टू स्ट्रोक इंजिनसाठी पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहते. टाकीतली नळी मात्र तळातून ओढते. म्हणजे इंजिनला पाणी मिळते आणि ऑइल मिळत नाही. एवढ्यावर सुरू झालेच तर पिस्टन सिलेंडरला धरते आणि खर्च कार्बोरेटरच्या सफाईपेक्षा कितीतरी वाढतो. शंका असेल तर ते पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटे स्थिर ठेवा. तळाशी वेगळी रेघ दिसली तर ते यंत्रात घालू नका.

यावर उपाय दहा मिनिटांचा आहे. पंधरा दिवसांपेक्षा जास्त काळ यंत्र बंद राहणार असेल तर टाकी रिकामी करा, रबरी फुगा दाबून नळीतले उरलेले पेट्रोल परत टाकीत आणून तेही काढा, मग यंत्र सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. हंगाम संपला असेल तर स्पार्क प्लग काढून भोकात ५ मिली टू स्ट्रोक ऑइल टाका, रस्सी दोन-तीनदा हळू ओढा आणि प्लग परत बसवा. फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा.

टू स्ट्रोक यंत्रासाठी पेट्रोल आणि ऑइलचे मिश्रण एका महिन्यात संपेल एवढेच करा. पुस्तिकेत ५०:१ लिहिले असेल तर लिटरला २० मिली ऑइल, ४०:१ ला २५ आणि २५:१ ला ४०. अंदाजाने ओतू नका; मेडिकलमध्ये २० मिलीची सिरिंज मिळते, ती फक्त याच कामासाठी ठेवा. मोटरसायकलचे इंजिन ऑइल यात चालत नाही. फोर स्ट्रोक यंत्रात मात्र पेट्रोल साधेच, ऑइल वेगळे भरायचे; ३५ सीसीच्या इंजिनात साधारण १०० मिली बसते. ते पहिल्या १० तासांनी आणि पुढे दर ५० तासांनी बदला.

शिळ्या पेट्रोलमुळे जाम झालेला कार्बोरेटर आम्ही वॉरंटीत धरत नाही, याचा काही ग्राहकांना राग येतो. ती यंत्राची चूक नसते आणि कंपनीही ते मान्य करत नाही. सफाईचे पैसे आम्ही आधी सांगतो, कार्बोरेटरमधला पातळ पडदा (डायफ्राम) बदलला तर जुना हातात देतो.

संत्रा उत्पादकांना एक कळकळीची विनंती. यंत्राचा गवत कापणारा नायलॉनचा दोरा खोडाला लागला की साल सोलून निघते आणि त्या जखमेतून डिंक्या रोगाची बुरशी शिरते. दोन-चार वर्षांनी झाड वाळते तेव्हा कारण कोणाच्या लक्षात येत नाही. खोडापासून हातभर अंतर सोडा, तेवढे तण खुरप्याने काढा. १६ मिलिमीटरची ठिबकची नळीही दोऱ्याने कापली जाते. आधी बाजूला करा. दगडाळ धुऱ्यावर चष्मा आणि गमबूट घातल्याशिवाय यंत्र सुरू करू नका. पंधरा मीटरच्या आत कोणी उभे नको. बॅटरीच्या यंत्रावर ३ मिलिमीटरचा जाड दोरा लावू नका, मोटर तापते, त्याला १.६ ते २ मिलिमीटर पुरतो.

आमच्याकडून यंत्र नेताना पहिले मिश्रण तुमच्यासमोर करून, दोरा भरून, दोनदा सुरू करून दिले जाते. दुकानाच्या मागे गवत राखून ठेवले आहे, दोन्ही प्रकार तिथे हातात घेऊन पाहता येतात. गिअर हेडचे ग्रीस, दोरा, प्लग आणि फिल्टर नेहमी शिल्लक असतात. दुरुस्तीला आणताना टाकी रिकामी करून आणा, आणि वापरत असलेल्या ऑइलची बाटली सोबत आणा. ती पाहिली की अर्धे निदान तिथेच होते.