पंधरा सेंट ते साडेपाच डॉलर: एका लिथियम खाणीचा आलेख

ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारात ‘पीएलएस’ या तीन अक्षरांनी ओळखला जाणारा पिलबारा मिनरल्स कंपनीचा शेअर मार्च २०२० मध्ये पंधरा ऑस्ट्रेलियन सेंटच्या आसपास घुटमळत होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो साडेपाच डॉलरच्या वर गेला. पावणेतीन वर्षांत जवळपास छत्तीसपट! आणि जून २०२५ मध्ये तोच शेअर सव्वा डॉलरच्याही खाली. या काळात खाण जागची हलली नाही, दगडातलं लिथियम वाढलं नाही की आटलं नाही. मग इतकं वरखाली झालं ते काय?

आधी दगडाकडेच जाऊ. शेअरच्या आलेखावर बोलणारे बहुतेक लोक दगडाला वगळून बोलतात, आणि तिथेच गफलत होते.

पश्चिम ऑस्ट्रेलियात पोर्ट हेडलंड बंदराच्या दक्षिणेला साधारण १२० किलोमीटरवर पिलगंगूरा नावाची जागा आहे. ग्रॅनाइट ज्यापासून बनतो तो शिलारस जमिनीखाली थंड होत जातो, तेव्हा एकेक खनिज स्फटिक होऊन बाजूला पडतं. कुणाच्याच स्फटिकरचनेत सहज न बसणारी मूलद्रव्यं मात्र उरलेल्या पाणीदार रसात साठत जातात. लिथियम त्यांपैकीच एक. हा शेवटचा रस खडकांच्या भेगांत शिरून गोठला की पेग्मटाइट नावाचा मोठमोठ्या स्फटिकांचा खडक तयार होतो. त्यातलं लिथियमवालं खनिज म्हणजे स्पॉड्युमिन. अगदी शुद्ध स्पॉड्युमिन घेतलं तरी त्यात लिथियम धातू पावणेचार टक्क्यांहून कमी. खाणीतल्या दगडात लिथियम ऑक्साइडचं प्रमाण तर सव्वा टक्क्याच्या आसपास. दगड फोडायचा, दळायचा, पाण्यात साबणासारखी रसायनं घालून स्पॉड्युमिनचे कण बुडबुड्यांना चिकटवायचे आणि फेसासकट वर काढायचे. या खटाटोपानंतर पाच-सहा टक्के लिथियम ऑक्साइड असलेली पांढुरकी वाळू हाती लागते. तिला कॉन्सन्ट्रेट म्हणतात.

कंपनी प्रामुख्याने विकते ती ही वाळू. ती जहाजाने मुख्यतः चीनला जाते. तिथे ती हजार अंश सेल्सियसच्या वर भाजली जाते. घट्ट स्फटिकरचना त्या उष्णतेने सैल होते, मग गंधकाम्ल आत शिरतं आणि लिथियम सोडवून आणतं. साधारण आठ टन वाळूतून एक टन लिथियम कार्बोनेट. त्यापासून बॅटरीतलं रसायन, त्यापासून सेल, आणि सेलपासून गाडी.

म्हणजे गाडीचं गिऱ्हाईक आणि पिलगंगूराचा दगड यांच्यामध्ये चार-पाच दुकानं आहेत, आणि प्रत्येकाचं स्वतःचं गोदाम आहे. भाव चढतोय असं दिसलं की प्रत्येक जण गरजेपेक्षा थोडा जास्त माल भरून ठेवतो. शोरूममधली मागणी जराशी वाढते, पण खाणीपर्यंत पोहोचेस्तोवर तिचा लोंढा झालेला असतो. उलटंही तसंच. गाड्यांची विक्री वाढतच असते, फक्त वाढीचा वेग थोडा कमी होतो. तेवढ्यावर सगळे जण आधी गोदामातला साठा संपवू लागतात आणि खाणीच्या दारात शुकशुकाट होतो. चाबकाच्या मुठीला दिलेला छोटा झटका टोकाशी मोठा होतो, म्हणून अर्थशास्त्रज्ञ याला चाबकाचा परिणाम म्हणतात. खाण चाबकाच्या टोकाशी असते.

चीनमधल्या लिथियम कार्बोनेटच्या भावात हा चाबूक स्पष्ट दिसतो. २०२० मध्ये टनाला सुमारे ४० हजार युआन, नोव्हेंबर २०२२ मध्ये सहा लाखांच्या घरात, २०२३ संपताना एक लाखाच्या आसपास, २०२५ च्या मध्याला ६० हजार. विजेवरच्या गाड्यांची जगभरातली विक्री मात्र या सगळ्या वर्षांत वाढतच होती.

आता कंपनीचा हिशेब. समजा, एक टन वाळू काढून जहाजात चढवायला ६०० डॉलर खर्च येतो आणि ती १,००० डॉलरला जाते. नफा ४००. भाव वीस टक्के उतरून ८०० झाला की नफा २००, म्हणजे थेट निम्मा. भाव आणखी २०० ने उतरला की नफा शून्य. डंपर, स्फोटकं, डिझेल आणि पगार यांचा खर्च भावाबरोबर उतरत नाही, म्हणून भावातला लहान बदल नफ्यात तरफेसारखा मोठा होतो.

हे आकडे मी सोयीसाठी घेतले. खरे याहून बोलके आहेत. ऑस्ट्रेलियात आर्थिक वर्ष जूनअखेर संपतं. जून २०२३ ला संपलेल्या वर्षात कंपनीने सुमारे ६.२ लाख टन कॉन्सन्ट्रेट काढलं, टनाला सरासरी ४,४०० हून अधिक अमेरिकी डॉलर मिळाले आणि निव्वळ नफा झाला सुमारे २३९ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर. पुढच्या वर्षी उत्पादन वाढून सव्वासात लाख टन झालं. सरासरी भाव मात्र १,२०० डॉलरच्या खाली आला आणि नफा २६ कोटींच्या आत. त्याच्या पुढच्या वर्षी माल आणखी वाढला, साडेसात लाख टनांच्या वर गेला, आणि कंपनीला १९ कोटींहून जास्त तोटा झाला. माल चढता, पैसा उतरता. नुसतं ‘विक्रमी उत्पादन’ या मथळ्यावर शेअर घेणाऱ्याने या तीन ओळी भिंतीवर लावायला हरकत नाही.

कालक्रमाकडेही नीट पाहा. तो २३९ कोटींचा नफा जाहीर झाला ऑगस्ट २०२३ मध्ये. शेअरचं शिखर त्याच्या नऊ महिने आधीच येऊन गेलं होतं. कारण शेअरचा भाव झालेल्या नफ्याचा नसतो, पुढे होईलसा वाटणाऱ्या नफ्याचा असतो.

जुन्या भावांचा तक्ता उघडला की उघडता भाव, दिवसाचा उच्चांक, नीचांक, बंद भाव आणि उलाढाल असे रकाने दिसतात. त्याशेजारी बऱ्याचदा ‘समायोजित बंद भाव’ असतो, आणि लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. लाभांश दिला की पैसा कंपनीतून बाहेर जातो आणि शेअर साधारण तेवढा खाली येतो. साध्या रकान्यात ती घसरण नुकसानीसारखी दिसते, समायोजित रकान्यात तिचा हिशेब केलेला असतो. पिलबाराने २०२२-२३ या वर्षासाठी ११ आणि १४ मिळून २५ सेंट लाभांश दिला. मार्च २०२० मध्ये पंधरा सेंटला घेतलेल्याला या एकाच वर्षात खरेदीच्या रकमेहून जास्त परत मिळाले. साध्या आलेखात याचा मागमूसही नाही.

दुसरी फसगत डोळ्यांची. मार्च २०२० ते डिसेंबर २०२० या काळात शेअर पंधरा सेंटवरून ऐंशी सेंटच्या पुढे गेला, म्हणजे पाचपटीहून जास्त. नोव्हेंबर २०२२ पासून त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत तो साडेपाचवरून पावणेचार डॉलरच्या आसपास आला, म्हणजे साधारण एक तृतीयांश गेला. पण साध्या आलेखात पहिली घटना जमिनीलगतचा उंचवटा वाटते आणि दुसरी तुटलेला कडा, कारण पट्टी डॉलर मोजते, पट मोजत नाही. आलेख लॉगरिदमिक पट्टीवर टाकला की समान पटींना समान उंची मिळते, आणि २०२० मधली ती मुकाट तेजी एकदम नजरेत भरते.

या आलेखाचा आणखी एक विशेष मला फार मोलाचा वाटतो. तांब्याचा किंवा सोन्याचा भाव कुणालाही रोज पाहता येतो. लिथियमचे व्यवहार मात्र वर्षानुवर्षं बंद दाराआड, खासगी करारांत होत. चीनमधल्या ग्वांगजोच्या वायदे बाजारात लिथियम कार्बोनेटचे सौदे सुरू झाले ते जुलै २०२३ मध्ये. त्याआधी पिलबाराने २९ जुलै २०२१ रोजी स्वतःच ऑनलाइन लिलाव सुरू केला. पहिल्या १०,००० टनांना टनामागे १,२५० अमेरिकी डॉलर मिळाले, तेव्हाच्या करारांच्या भावांपेक्षा कितीतरी जास्त. नोव्हेंबर २०२२ च्या लिलावात आकडा गेला ७,८०५ वर. शेअरचं शिखर त्याच महिन्यातलं.

उघडा भाव दुर्मीळ असल्यामुळे हा शेअरच लिथियमचा तापमापक बनला. लिथियम पडेल असं वाटणाऱ्यांना पैज लावायला दुसरी सोयीची जागा नव्हती, म्हणून ते पिलबाराचे शेअर उसने घेऊन विकत, म्हणजे भाव पडल्यावर स्वस्तात विकत घेऊन परत करता येतील. २०२४ मध्ये कंपनीच्या पाचातला एकाहून जास्त शेअर असा उसना विकलेला होता; ऑस्ट्रेलियन बाजारात तेव्हा याहून मोठा आकडा कुणाचा नव्हता. अशा वेळी चांगली बातमी आली की हे लोक शेअर परत घ्यायला धावतात, आणि उसळी बातमीपेक्षा मोठी होते. ऑगस्ट २०२५ मध्ये चीनच्या ज्यांगशी प्रांतात सीएटीएल या बॅटरी कंपनीच्या खाणीचा परवाना संपला आणि काम थांबलं. पिलबाराचा शेअर त्याच दिवशी उसळला, पिलगंगूरात एकही दगड जास्त न फुटता. याच सीएटीएलने २०१९ च्या मंदीत पिलबाराचे शेअर ३० सेंटने घेतले होते.

हे सगळं एकाच कारखान्यात पाहायचं असेल तर पिलगंगूराच्या शेजारची अल्तुरा ही खाण पाहावी. त्याच पट्ट्यातला दगड. तिने २०१८ मध्ये काम सुरू केलं, भाव कोसळले, कर्ज फिटेना, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये ती धनकोंच्या ताब्यात गेली. पिलबाराने ती १७.५ कोटी अमेरिकी डॉलरला उचलली आणि त्या पैशासाठी ३६ सेंटने नवे शेअर काढले. भावाच्या आलेखात हे वाढलेले शेअर दिसत नाहीत, तो आकडा वेगळा शोधावा लागतो. त्या कारखान्याचं नाव नुंगाजू ठेवलं गेलं, २०२१ च्या अखेरीस तो तेजीत पुन्हा धडधडू लागला, आणि १ डिसेंबर २०२४ पासून देखभालीपुरती माणसं ठेवून बंद करण्यात आला. यंत्रं तीच, दगडही तोच.