रेट्रो बास्केटबॉल शूज मऊ होतात का? थोडी पार्श्वभूमी

चप्पल लाईनला, म्हणजे कोल्हापुरातल्या चपलांच्या बाजारात, कापशी (चामड्याची कोल्हापुरी चप्पल) घेतली की पहिले काही दिवस चावणारच, तेल लावायचं, घालून फिरायचं, मग ती पायाचा आकार घेते, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला लागत नाही. त्यामुळं रेट्रो शूज, म्हणजे जुन्या डिझाईनचे नव्यानं काढलेले बास्केटबॉल शूज, घेताना पण आपली पोरं तसंच म्हणतात, वापरून मऊ होतील की. मी पण हेच धरून एक हाय-टॉप (घोट्यापर्यंत उंच शू) घेतला होता. वरचं लेदर महिन्याभरात मऊ झालं, पण रंकाळ्याला एक फेरी मारली की टाचा ठणकायच्या त्या ठणकायच्याच.

गंमत म्हणजे हे सगळे शूज त्यांच्या काळात स्टाईलसाठी नव्हतेच, खेळायला होते. कन्व्हर्सचा ऑल स्टार १९१७ चा, कॅनव्हास आणि खाली सपाट रबर, बस्स. मग १९६९ च्या सुमारास आदिदासचा सुपरस्टार आला, लेदरचा, पुढं बोटं वाचवायला रबराची टोपी. १९७३ चा पुमा क्लाइड तर मला लई महत्त्वाचा वाटतो, कारण बास्केटबॉलपटू वॉल्ट फ्रेझियरनं तो हलका आणि रुंद करून मागितला होता, म्हणजे खेळाडू तेव्हा पण आधी पायाचंच बघत होता. १९८२ ला नाईकीचा डिझायनर ब्रूस किलगोरनं एअर फोर्स १ केला, टाचेत हवेची पिशवी घातलेला नाईकीचा पहिला बास्केटबॉल शू, आणि १९८५ ला एअर जॉर्डन १.

पुढं खेळाडू नव्या शूजकडं गेले आणि हे रस्त्यावर राहिले. एअर फोर्स १ कंपनीनं बंदच केला होता, अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या तीन दुकानदारांनी मागून घेतला म्हणून परत आला. तिथनं पुढं जुनं डिझाईन नव्यानं काढायची लाटच आली. लोकांना हवा असतो जुना आकार, म्हणून सोलची ठेवण पण बहुतेक जुनीच ठेवतात, आणि आपण तुलना करतो आजच्या रनिंग शूजच्या फोमशी.

कापशीचं गणित इथं चुकतं ते ह्यामुळं. वरचं लेदर चावत असेल तर थांबा, ते सैल पडतं, पण सोल पहिल्या दिवशी कडक लागला तर तो नंतर मऊ होत नाही, उलट वापरून दबतो आणि अजून कडक लागतो. कन्व्हर्सनं २०१३ ला चक ७० काढला त्यात आतलं इनसोल (तळव्याखालची गादी) जाड दिलं, दिसायला जुनाच, पण पायाला फरक कळतो.

आता कुणी विचारलं तर मी सांगतो, राजारामपुरीत संध्याकाळी जा, दिवसभर चालून पाय थोडा सुजलेला असतो तेव्हा घालून बघ, दुकानात दहा मिनिटं फिर, आणि इनसोल बाहेर निघतंय का ते उचकून बघ, निघत असेल तर नंतर दुसरं चांगलं घालता येतं.