पार्श्वभूमी : अजिंठ्याचं जहाज आणि समुद्र नसलेला खानदेश

'आयएनएसव्ही कौंडिण्य' हे शिडाचं जहाज २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झालं. ते खिळ्यांनी जोडलेलं नाही. त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली गोव्यात ते बांधलं गेलं आणि २९ डिसेंबरला पोरबंदरहून मस्कतच्या दिशेने निघालं. बातम्यांमधून गोवा, कारवार, पोरबंदर ही नावं गाजली, ते योग्यच. पण हे जहाज बेतलं गेलं अजिंठ्यातल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून. कागदोपत्री ही लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असली, तरी जळगावला उतरायचं आणि पहूरवरून फर्दापूर गाठायचं, हीच तिथली जुनी वाट. तिथून समुद्र सुमारे तीनशे किलोमीटर लांब आहे. मग इथल्या चित्रकाराला जहाज इतकं बारकाईने कसं ठाऊक होतं?

दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातलं प्रसिद्ध जहाज जरा निरखून पाहावं. तीन डोलकाठ्या, त्यांवर उंच, उभट शिडं. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, डोळा रंगवलेला. मागच्या बाजूला सुकाणूची वल्ही आणि जहाजावर ओळीने मांडलेले रांजण. लांबच्या सफरीत गोडं पाणी हाच जीव, हे माहीत असलेल्या माणसाने काढलेलं हे चित्र आहे. कथा सोपाऱ्याच्या 'पूर्ण' नावाच्या व्यापाऱ्याची. तो भिक्खू होतो. पुढे त्याचा भाऊ चंदन आणायला समुद्रावर जातो, चंदनवनाचा मालक यक्ष वादळ उठवतो आणि पूर्ण त्याला वाचवतो. त्याच चंदनातून बुद्धासाठी विहार उभा राहतो. सतराव्या लेण्यात सिंहलद्वीपावर उतरणारं सैन्य आहे, होड्यांमध्ये हत्तीही आहेत. हे लेणं कोरवून घेणारा राजा वाकाटक हरिषेणाचा मांडलिक होता. त्याच्या ऋषिक देशाची जागा इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी खानदेशात दाखवली. ते मत धरलं, तर ही समुद्रकथा खानदेशच्या राजाच्या पैशाने रंगवली गेली.

व्यापाऱ्यांचा राबता तर त्याच्याही आधीपासूनचा. पैठणहून भडोचच्या बंदराकडे जाणारा माल घाट उतरून गिरणा-तापीच्या खोऱ्यात यायचा. चाळीसगावजवळच्या पितळखोरा लेण्यांच्या खांबांवर पैठणच्या दात्यांचे लेख आहेत. त्यांतला एक गंधी, म्हणजे अत्तरं-सुगंधी द्रव्यं विकणाऱ्या घराण्यातला. तिथेच सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर ती कान्हदास सोनाराने घडवल्याचा लेख आहे. आज ती मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

मोगल काळात हीच वाट सुरत-बऱ्हाणपूर अशी झाली. नवापूर, नंदुरबार ही त्या रस्त्यावरची मुक्कामाची गावं. तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने बऱ्हाणपूरची तलम मलमल इराण, तुर्कस्तान, कैरोपर्यंत जाते असं लिहून ठेवलं. धरणगावच्या कापडासाठी इंग्रजांनी तिथे वखार घातली आणि १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांच्या फौजेने ते गाव लुटलं. सुरतेच्या बंदरात गलबतांवर चढणारे गठ्ठे कुठून येत होते, हे यातून पुरेसं स्पष्ट होतं. बंदर हे वाटेचं टोक असतं. निम्मा इतिहास त्या वाटेवर घडतो.

चित्रं टिकली कशी, हीसुद्धा याच परिसराची गोष्ट. १८१९ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेस लेणी पडली. १८४४ पासून रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षं तिथे राहून मोठमोठ्या तैलचित्रांत नकला केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावलेल्या त्या नकला १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. तरीही तो माणूस पुन्हा कामाला लागला. १८७९ मध्ये तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे. दरम्यान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स पेस्तनजी बोमनजी आणि इतर विद्यार्थ्यांना घेऊन आले. १८७२ ते १८८५ पर्यंत हे काम चाललं. त्यांच्याही कित्येक नकला १८८५ मध्ये लंडनच्याच दुसऱ्या आगीत गेल्या. चित्रं उजळ दिसावीत म्हणून भिंतींवर व्हार्निश चढवलं गेलं, तेच पुढे काळवंडलं. पण नकला आणि रेखाटनं छापली गेल्यामुळे मूळ रंग उडाले तरी जहाजाचा आराखडा अभ्यासकांच्या हाती राहिला. गिलचं नाव भुसावळच्या शाळकरी मुलांना माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

समुद्राचा इतिहास मांडणारी दालनं किनाऱ्यावर असतात, आणि लोथलला राष्ट्रीय सागरी वारसा संकुल उभं राहतं आहे, हे स्वाभाविकच. मात्र त्यात आतल्या मुलखाचा वाटा दिसला पाहिजे. धुळ्यात हे सुरू करता येईल. ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे धुळ्यात वारले, आणि त्यांच्या दप्तरांच्या आधाराने त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. हस्तलिखितं आणि मूर्ती जपणारी ही संस्था जिल्ह्याची खरी तिजोरी आहे. तिथल्या एका भिंतीवर अजिंठ्याच्या जहाजाची मोठी प्रतिकृती लागावी, शेजारी तापीच्या खोऱ्याचा नकाशा, आणि त्यावर पैठण-भडोच व बऱ्हाणपूर-सुरत या दोन्ही वाटा गावांच्या नावांसकट. पितळखोऱ्याच्या यक्षाचा साचा दिल्लीहून मागवता येईल. खर्च फार नाही, आणि शिरपूर, साक्री, अमळनेरच्या सहलींना दिल्ली-मुंबईला न जाता हे पाहायला मिळेल.